नवं इंजिन, नवी सवय

धडगावच्या स्टँडवर रुपाने नवी जीप आणून उभी केली, तेव्हा सगळे ड्रायव्हर बघायला जमले. या घाटात आजवर एकाही बाईने जीप चालवली नव्हती.

इंजिन सेट होईपर्यंत जास्त लोड घेऊ नको आणि गाडी दामटू नको, असं शोरूमवाल्याने तिला बजावलं होतं. म्हणून सीटा भरल्या की ती लगेच निघायची. टपावर कोणी नाही, मागे लटकायला कोणी नाही.

"भरी ले वं, काही व्हत नही," शेजारचा जीपवाला गोकुळ हसायचा. "अशानं गाडी इकनी पडी तुले."

गाडी विकावी लागेल, ही धास्ती रुपालाही होती. तरी ती ऐकायची नाही. चढावर खालच्या गिअरमध्ये, इंजिनाला न छळता, ती सावकाश घाट चढायची.

पहिलं सर्व्हिसिंग झालं आणि मेकॅनिकने गाडी पास केली. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी ती स्टँडवर आली, तर गोकुळची जीप अर्धी रिकामी होती आणि बायका रुपाच्या वाटेकडे डोळे लावून उभ्या होत्या. क्षणात सीटा भरल्या. जन्मभर जीपमध्ये लोकांच्या पायांशी बसून बाजाराला गेलेली म्हातारी भुरीबाई खिडकीपाशी ऐसपैस बसली.

"आते तं इंजिन सेट व्हयनं!" गोकुळ ओरडला. "आते तरी भरी ले!"

रुपा काही बोलणार, तोच भुरीबाईने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"इंजिनाचं राहू दे रे. सीटवर बसायची सवय आता आम्हाला लागली."