बायोडेटाचा फोटो

"दुसरा फोटो नाय का, ताई?" आळेफाट्यावरच्या फ्लेक्सवाल्या संपतनं तिसऱ्यांदा विचारलं. आधारकार्डावरचा जानकूचा चेहरा मोठा केला की नुसते ठिपके दिसत. उद्या त्याची दशक्रिया होती. बॅनर आज लागायलाच हवा होता.

नंदानं नकारार्थी मान हलवली. तिच्या बापानं जन्मभर मेंढरांमागं पायपीट केली; फोटो म्हटलं की चार पावलं लांब. एकदाच कॅमेऱ्यात सापडला होता, गेल्या दिवाळीत. नंदाच्या बायोडेटासाठी चुलतबहीण हर्षाली मोबाईलवर फोटो काढत होती. कधी नव्हे तो जानकू आपण होऊन आला आणि लेकीला खेटून उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, डोक्याला मळकं पागोटं, मागं मेंढरं आणि बाभळी. स्वारी भलतीच खुशीत होती.

पण पुण्याच्या नोकरीवाल्या स्थळाला पाठवायचं होतं. नंदानं लॅपटॉपवरच्या पेंटमध्ये बॅकग्राउंड काढायचं बटण दाबून फोटोतलं मागचं सगळं काढलं, निळा रंग भरला आणि त्याच फाईलवर सेव्ह केलं. पुढं हर्षालीचा मोबाईल शेततळ्यात पडला. ते स्थळ काही आलं नाही. जानकू मात्र गेला.

"कॉम्प्युटरनं आबांना बॅकग्राउंडबरोबर काढून टाकलं," नऊ दिवस ती येईल त्याला सांगत होती. लोकही बिचाऱ्या कॉम्प्युटरला शिव्या घालून जात होते.

तिनं लॅपटॉप संपतपुढं सरकवला. "यातून आबा परत आणता येतील?"

निळ्या रंगावर नंदा एकटीच हसत होती. "पुसलेलं कुठनं आणू, ताई?" संपत म्हणाला. मग त्याची नजर फोटोतल्या तिच्या खांद्यावर थांबली. तिथली कड उंदरानं कुरतडल्यासारखी वेडीवाकडी होती. बाकी सगळीकडं कड कशी साफ होती. त्यानं नंदाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

बाकड्यावर बसलेली तुकाबाई उठून लेकीजवळ आली. "नको रडू, पोरी. तुझा काय दोष? त्या मुक्या मशीनला काय कळतंय, कोण आपलं आन् कोण मागचं!"

ते ऐकून नंदाला राहवलं नाही.

"त्याला कळलं व्हतं, आई. त्यानं मेंढरं काढली, बाभळी काढल्या. आबांना माझ्याजवळ तसंच ठिवलं व्हतं. खोडरबर मी फिरवला."