डिस्कमध्ये मावलेली पार्टी

नव्या घरातल्या पहिल्या पार्टीची फिल्म एका डिस्कमध्ये मावेना, म्हणून मी ती तीन वेगवेगळ्या फॉरमॅटमध्ये करून पाहिली. सगळ्यात नव्या फॉरमॅटने कमाल केली. फाइल पार दहाव्या हिश्श्याची झाली आणि चित्र जसंच्या तसं. टीव्हीवर आधी मूळ फिल्म लावली, मग ही. बाबा म्हणाले, "काही फरक नाही बुवा." ताईलाही तसूभर फरक दिसला नाही.

आईचा मात्र विश्वास बसेना.

"एवढी मोठी फिल्म एवढीशी झाली, म्हणजे तू कुठेतरी कात्री लावलीस. खरं सांग."

"अगं, एक सेकंदही कापलेला नाही."

"मग बाकीचं गेलं कुठे? हवेत विरलं?"

मी तिच्या कपाटातून काहीतरी ढापलं असावं, तशी ती माझ्याकडे बघत होती. शेवटी मी वैतागून सांगितलं, "आई, हा फॉरमॅट हुशार आहे. उजेडातले, हसणारे चेहरे नीट जपतो. मागचं, अंधारातलं, जिकडे कुणाचं लक्षच जात नाही, तेवढंच पुसून टाकतो."

आईने चष्मा चढवला आणि टीव्हीपाशी जाऊन उभी राहिली. पडद्यावर केक कापणारे बाबा होते, टाळ्या वाजवणारी ताई होती आणि दोघांच्या मागे स्वयंपाकघराचं काळोखं दार.

 

त्या दारावर बोट ठेवून ती म्हणाली, "इथे मी उभी होते."