पहिली खेप

नव्या डिझेल पिकअपची पहिलीच खेप होती आणि मागे जोडलेल्या ट्रेलरवर तीन टनांचा जनरेटर. गाडी चालवणाऱ्या मुलीच्या शेजारी बाबा बसले होते. पस्तीस वर्षं त्यांनी ट्रेलर ओढले. आता नजर अधू झाल्यामुळे स्टिअरिंग सुटलं होतं, सूचना सुटल्या नव्हत्या.

"उतार लागला. खालचा गिअर टाक. ब्रेकवर पाय ठेवून बसू नकोस, तापतील."

"हो, बाबा."

"मागचं वजन ढकलतं. घाई केलीस तर आपल्यालाच घेऊन जाईल."

जीव मुठीत धरून ती एकेक वळण उतरत राहिली. मध्येच बाबा गप्प झाले, तशी तिला जास्तच धडकी भरली. नक्की काहीतरी चुकलं असणार.

पायथ्याशी तिने गाडी बाजूला घेतली आणि उतरून ट्रेलरची चाकं हाताने चाचपली. फारशी तापली नव्हती. तेवढ्यात आईचा फोन आला.

"फार ओरडले का गं?"

तिने काचेतून आत पाहिलं. "अगं, ते तर झोपलेत. चक्क घोरतायत."



"लग्नाला अडतीस वर्षं झाली," आई म्हणाली, "दुसरं कुणी गाडी चालवत असताना त्यांचा डोळा लागलेला मी एकदाही पाहिला नाही."