सहातली एक मोटार

१९८१ सालची भर दुपार. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राला कोळसा नेणारी मालगाडी चढावर बंद पडली आणि मागच्या डब्यांनी रस्त्यावरचं फाटक अडवलं. फाटकवाला धापा टाकत इंजिनापाशी आला.

"डायव्हरसाहेब, जीपमधी बाळंतीण हाय, लय अडलीय. इंजिन तर धडधडतंय, मग गाडी हलत का नाय?"

"अरे, डिझेलवर नुसती वीज तयार होते," सावळीराम म्हणाले. "चाकं फिरवतात त्या विजेवरच्या सहा मोटारी. त्यातली एक जळलीय. तू फाटकावर जा, मी बघतो."

त्यांनी जळकी मोटार बंद केली आणि उरलेल्या पाचांवर हळूहळू जोर दिला. चाकं जागेवरच घसरली. पकड मिळावी म्हणून रुळांवर वाळू सोडली, तरी घसरली. विसाव्या मिनिटाला गाडी कशीबशी निघाली. त्यांनी वाकून मागे पाहिलं. फाटक उघडलं होतं, पण जीप जागची हलली नव्हती.



यार्डात गाडी थांबताच शेवटच्या डब्यातला गार्ड धावत पुढे आला.



"बाळ पायाळू होतं, सावळीरामभाऊ! फाटकवाल्याची आई सुईण, तिनं जीपमध्येच सुखरूप सोडवलं; फाटक उघडं मिळालं असतं, तर मायलेकरं दोघंही वाटेतच गेली असती."