आलेनब्रिंकांपैकी कोण?

आमच्या शहरात आलेनब्रिंक आडनावाची माणसं पुष्कळ. गोलकीपर आलेनब्रिंक गाजला, तेव्हा त्यातले निम्मे त्याचे चुलतभाऊ निघाले. ऑपेरात गाणारी आलेनब्रिंक तर सगळ्यांचीच आत्या होती.

त्यामुळे ऑपरेशन करायला आलेल्या नव्या डॉक्टरांनी आपलं नाव सांगताच हेडविग क्रोलबाईंनी पोटातली कळ दाबून विचारलं, "न्यायाधीश आलेनब्रिंक तुमचे कोण?"

नाझींच्या काळात, लंडनचा रेडिओ ऐकला म्हणून, त्या न्यायाधीशाने बाईंच्या भावाला देहदंड दिला होता.

नुसतं आडनाव सारखं आहे, एवढं म्हणून डॉक्टरांना सुटता आलं असतं.

"वडील," ते म्हणाले.

"माझा रुडी विशीतला होता हो. त्यांच्या सहीने गेला."

"माझ्या हातून नको असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांना बोलावतो. पण ते उद्या येतील. तुमचं अपेंडिक्स तोवर थांबेल, असं मला वाटत नाही."

बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. डॉक्टर दाराशी उभेच होते.

"इथल्या प्रत्येक आलेनब्रिंकला मी हेच विचारलंय," शेवटी त्या म्हणाल्या. "तुमच्या सख्ख्या काकांनासुद्धा. असा कोणी आमच्या घरात नव्हताच, म्हणाले." डोळे पुसून त्या डॉक्टरांकडे वळल्या. "चला, घ्या मला आत."