कोरडी वाइन

"दारू नको. वाइन द्या," पदर नाकापर्यंत ओढून कुशाबाई म्हणाली.

दुकानदार तिच्याकडं बघतच राहिला. दुकानावर भल्या मोठ्या अक्षरांत 'वाइन शॉप' लिहिलेलं होतं, पण तिथं येऊन वाइन मागणारं गिऱ्हाईक विरळाच. स्टुलावर चढून त्यानं कोपऱ्यातल्या दोन-तीन बाटल्या खाली काढल्या आणि फडक्यानं धूळ पुसली.

"लाल का पांढरी?"

"लाल. अन् कोरडी."

"बाई, बाटलीत कोरडं काय आसणार?"

"माझ्या पोरानं सांगितलंय. ड्राय म्हंजी कोरडी. तीच घे म्हणला."

कुशाबाईचा आवाज हळू होता, कारण हाच आवाज पंचक्रोशीत ओळखीचा होता. घोडेगावच्या वर, डोंगरातल्या तिच्या गावात ती दारूबंदी समितीची अध्यक्ष होती. घरोघर फिरून तिनं बायका गोळा केल्या, मतदान घडवून आणलं, दारूबंदीची खूण असलेली आडवी बाटली निवडून आणली आणि देशी दारूचं दुकान बंद पाडलं. तेव्हापासून तिला भाषणांची बोलावणी येत. ज्या घरात बाटली शिरली त्या घरात पोरगी देऊ नका, असं ती पार जुन्नरला जाऊन सांगून आली होती.

आणि आता तिच्या आदेशचं लग्न ठरत होतं. मुलगी पुण्याची, मोहिनी. तिचे आईवडील ओझरच्या गणपतीचं दर्शन घेऊन बोलणी करायला गावी येणार होते. पाहुण्यांना काय द्यायचं, हा प्रश्न कुशाबाईला पडलाच नव्हता. घरचा तांदूळ होता. पण आदेशनं फोनवर कपाळाला हात लावला.

"आई, तांदूळ काय देतेस? मोहिनीचे वडील साहेब माणूस. त्यांना वाइन दे."

"आरं, मी? दारू?"

"दारू नाही, वाइन. मोठ्या लोकांत फरक असतो."

"कशाचा?"

"ग्लासाचा," आदेश म्हणाला. मग जरा मऊ आवाजात, "त्यांना बरं वाटेल गं. माझ्या लग्नाचा प्रश्न आहे."

एकुलता एक लेक. कुशाबाई दोन दिवस घुसमटली. जवळच्या मंचरला कुणीतरी ओळखीचं भेटेल या भीतीनं एसटी धरून लांब नारायणगावला आली. तर बाटली पिशवीत घालते न् घालते तोच शेजारून आवाज आला, "कुशाकाकी? तुमी? हितं?"

गावातला गोरख होता. कुशाबाईनं झटकन पदर मागं टाकला.

"पाहणी करायला आले. आता हे दुकान बंद पाडायचं हाय. तू काय घ्यायला आलास, ते सांग आधी!"

गोरख काही न घेताच पळाला. दुकानदाराचा चेहरा पडला. कुशाबाई पिशवी पदराखाली धरून बाहेर पडली. इतकं सराईत खोटं आपल्याला बोलता येतं, हे तिला त्या दिवशीच कळलं.

घरी येऊन तिनं बाटली लाल फडक्यात बांधली आणि तांदळाच्या कणगीत पुरली.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळीच सारजाबाई मदतीला आली. तिच्या नवऱ्याला दारूनं नेलं होतं; समितीत पहिलं नाव तिचंच. तांदूळ काढायला तिनं कणगीत हात घातला आणि फडकं वर आलं.

"हे गं काय?"

"काकवी हाय. पाव्हण्यांसाठी," कुशाबाई म्हणाली आणि चुलीकडं तोंड करून बसली. धुराशिवायच तिचे डोळे चुरचुरले.

बोलणी झकास झाली. साहेब बँकेतून निवृत्त झालेले, मोकळेढाकळे. त्यांच्या बायकोनं, रत्नाताईंनी, नागलीची भाकरी मागून मागून खाल्ली. लग्न पक्कं झालं. निघायची वेळ आली तसा आदेश आईच्या कानाशी लागला.

"बाटली माझ्याकडं दे. मी गुपचूप गाडीत ठेवतो."

पण व्याह्यांना द्यायची वस्तू कुणी चोरून देतं का? कुशाबाईनं ताटात नारळ, खण आणि लाल फडकं ठेवलं आणि ताट साहेबांपुढं धरलं.

"जपून न्या हां, सांडंल," सारजाबाई कौतुकानं म्हणाली. "काकवी हाय."

"काकवी! लहानपणी खाल्ली होती हो," म्हणत साहेबांनी हौसेनं गाठ सोडली.

बाटली उघडी पडली. साहेबांनी चष्मा लावून तिच्यावरचा कागद वाचला आणि बायकोकडं पाहिलं. सारजाबाई कुशाबाईच्या तोंडाकडं बघत होती. कुशाबाईला वाटलं, जमीन दुभंगावी. आदेश गाडीच्या चाकातली हवा तपासायला खाली वाकला होता.

आधी रत्नाताईच हसल्या. हायसं वाटल्यासारख्या.

"बघा, मी यांना म्हणतच होते! यात लाजायचं काय?" त्या लगबगीनं गाडीकडं गेल्या आणि चकचकीत कागदात बांधलेलं काहीतरी उंच घेऊन आल्या. "आम्हीही तुमच्यासाठी आणलंय. आदेश म्हणाला, गावात उघड देऊ नका, माझ्याकडं द्या. पण तुम्ही इतक्या मोकळ्या मनाच्या, मग आम्ही कशाला लपवू?"

त्यांनी ते कुशाबाईच्या हातात ठेवलं. कागदाआडून बाटलीची मान तिच्या तळव्याला लागली.

"आम्ही कुणी घेत नाही हो," रत्नाताई प्रेमानं म्हणाल्या, "पण आदेश म्हणाला, आईला रोज जेवताना लागते."