खिडकीतून मोजलेली विमानं

छत्तीस. घड्याळजीनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. धावपट्टीच्या कडेला तीन रांगा, एकेका रांगेत बारा लढाऊ विमानं. वर्षभरापूर्वी सगळी मिळून अठराच होती.

"झाली का मोजून?" दारातून बाईंनी विचारलं.

तो झटकन खिडकीपासून मागं सरला. "काय?"

"घड्याळं रे, दुसरं काय? सुटीच्या दिवशीसुद्धा डोक्यात तेच." बाईंनी चहाचा कप टेबलावर ठेवला आणि पदरानं खिडकीची काच पुसली. "किती धूळ बसते इथं. बाहेरचं काही धड दिसत नाही."

बाई शाळेत गणित शिकवायच्या. आता निवृत्त होत्या, एकट्या होत्या. मुलगा वैमानिक होता. जुन्या विमानासकट कोसळला, त्याला अकरा वर्षं झाली. वरची खोली त्यांनी घड्याळजीला सहा वर्षांपूर्वी भाड्यानं दिली होती. बाजारात त्याचं घड्याळदुरुस्तीचं टीचभर दुकान होतं. माणूस शांत, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

तो सीमेपलीकडचा हेर होता. ही गोष्ट त्यानं या गावात कुणालाच सांगितली नव्हती.

काम सोपं होतं. खिडकीतून विमानं मोजायची आणि मामाला पत्र लिहायचं. असा मामा कुठं नव्हताच. 'दुकानात अठरा घड्याळं आहेत' असं लिहिलं, की तिकडं विमानांचा आकडा कळायचा. पत्र टाकायला बहुतेक वेळा बाईच न्यायच्या. "मी निघालेच आहे बाजारात, दे इकडं. तू कशाला जिने उतरतोस?"

कामाचं ओझं नव्हतं, एकटेपणाचं होतं. सहा वर्षांत त्यानं कुणाला खरं नाव सांगितलं नव्हतं. लहानपण अनाथाश्रमात गेलं, तिथंही त्याची कधी कुणी वाट पाहिली नव्हती. इथं मात्र परतायला उशीर झाला, की बाई फाटकाशी उभ्या दिसायच्या. एकदा तो तापानं फणफणला, तेव्हा त्या तीन दिवस उशाशी बसून होत्या. त्या तापात आपण काही बरळलो तर नाही ना, या धास्तीनं त्याचा महिनाभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

"वर्तमानपत्रात आलंय, ताफा दुप्पट झाला म्हणून," चहा पिता पिता तो सहज बोलल्यासारखं बोलला. "पण नवी विमानं उडताना काही दिसत नाहीत."

"विमानं विकत मिळतात, वैमानिक घडवावे लागतात. वेळ लागतोच." बाईंनी खिडकीबाहेरच्या रांगांकडं बोट केलं. "ही आधी आली असती, तर माझा पोरगा त्या डबड्यात बसला नसता."

त्यानं उरलेला चहा एका घोटात संपवला.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक अनोळखी गिऱ्हाईक आलं. बंद पडलेलं मनगटी घड्याळ ठेवून गेलं. मामाचे निरोप असेच यायचे. त्यानं मागचं झाकण उघडलं. आत घडी केलेली चिठ्ठी होती.

'पन्नासच्या आत असतील, तर पंधरा दिवसांत माल उचलतो. नक्की आकडा कळव.'

माल उचलणं म्हणजे हल्ला. पहिल्या फेरीत विमानतळ आणि त्याला लागून असलेली ही वस्ती. हे फाटक, हा जिना, खालची बाईंची खोली.

त्या दिवशी त्यानं दुकान लवकर बंद केलं. खोलीत येऊन कागद पुढं ओढला. 'छत्तीस' लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. खाली बाई कुठलंसं गाणं गुणगुणत भांडी लावत होत्या. त्या आवाजावर कान ठेवून तो बराच वेळ बसला. मग त्यानं एका दमात लिहून टाकलं, 'मामा, दुकानात साठ घड्याळं आहेत.'

आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं चुकीचा आकडा कळवला होता. आपल्या देशाशी बेइमानी केली होती. बाईंनी नेहमीसारखं पत्र मागितलं, तेव्हा त्यानं पाकीट नीट चिकटलंय का ते दोनदा तपासून मग दिलं.

बारा दिवस जीव टांगणीला लागला होता. तेराव्या दिवशी आणखी एक घड्याळ आलं. 'व्यवहार रद्द. परवडणार नाही. दुकान आवरून परत ये.'

घड्याळजीनं हातातलं भिंग खाली ठेवलं. मग त्याला रडू फुटलं.

सकाळी त्यानं बॅग भरली. "मामा आजारी आहे," एवढंच बाईंना सांगितलं. त्या बॅगेपाशी बसल्या. त्याचे शर्ट पुन्हा नीट घड्या घालून बॅगेत ठेवू लागल्या.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्याशी मी नीट वागलो नाही. पण तुमचं वाईट होईल असं काही..."

"राहू दे." त्यांनी त्याला पुढं बोलू दिलं नाही.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

"टॅक्सी आली वाटतं."

"टॅक्सी नाही ती." बाईंचा आवाज वर्गात गणित समजावताना असावा तसा होता. "स्वेटर अंगात घाल. तिथल्या कोठड्यांत गारठा असतो."

जिन्यावर बुटांचा आवाज वर येऊ लागला. तो जागचा हलला नाही. बाईंनीच स्वेटर त्याच्या खांद्यावर टाकला.

"तुझी सगळी पत्रं मी वाचली. सहा वर्षांत एकदाही तुझी मोजणी चुकली नाही," त्या म्हणाल्या. "छत्तीस तर तुमच्या लोकांना धाक बसावा म्हणून आम्हीच तुझ्या खिडकीसमोर मांडली होती, त्यातली अर्धी लाकडाची. मग साठ कशाला लिहिलंस रे?"